भोंगा वाजला, तर करायचे काय?

धोकादायक कारखान्यांच्या शेजाऱ्यांना संकटकाळातील खबरदारीची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. सोलापुरात हे बंधन कागदावरून वस्तीपर्यंत पोहोचायला हवे, याची जाणीव मे २०२५ मधील आगीने करून दिली.

सोलापूरच्या जुन्या पिढीला भोंग्याची भाषा कोणी शिकवावी लागली नव्हती. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे पाळीची वेळ सांगत. ज्यांच्या घरातले कोणी गिरणीत जात नसे त्यांचाही दिवस त्या आवाजावर चाले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. कारखानदारी मात्र थांबली नाही, तिने जागा आणि रूप बदलले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचे कारखाने उभे राहिले. पुणे महामार्गावर चिंचोळीच्या वसाहतीत रासायनिक उद्योग आले. पाकणीत तेल कंपन्यांचे इंधन डेपो झाले आणि जिल्हाभर साखर कारखान्यांबरोबर आसवन्याही आल्या. यांपैकी एखाद्या ठिकाणाहून आज मध्यरात्री भोंगा वाजला, तर तो कशाचा, घराबाहेर पळायचे की घराची दारे-खिडक्या लावून आत थांबायचे, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक आहे का?

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १८ मे २०२५ रोजी, रविवारी पहाटे पावणेचारच्या सुमारास अक्कलकोट रस्ता वसाहतीतील सेंट्रल टेक्सटाइल या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये कारखान्याचे वयोवृद्ध मालक होते, त्यांच्या कुटुंबातील तिघे होते आणि अन्य चौघे होते. एक बालक अवघ्या दीड वर्षाचे होते. कारखाना आणि राहण्याची जागा एकाच आवारात होती. सूत, कापसाची पिंजण, तयार टॉवेलचे गठ्ठे असा सारा माल झपाट्याने पेटणारा. आग आटोक्यात आणण्यासाठी अग्निशमन दलाला कित्येक तास झुंजावे लागले. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा होता. केंद्र आणि राज्य सरकारने मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली आणि नेहमीप्रमाणे वसाहतीतील सर्वच कारखान्यांच्या तपासणीची चर्चाही झाली.

तपासणी आवश्यकच आहे. परंतु अशा रात्री पहिली दहा-पंधरा मिनिटे तपासणी अधिकाऱ्याची नसतात, अग्निशमन दलाचीही नसतात. ती शेजाऱ्यांची असतात. आत कोणी झोपलेले आहे का, दुसरे दार कोणत्या बाजूला आहे, वीजपुरवठा कुठून तोडायचा, आवारात रसायनांची पिंपे कुठे ठेवली आहेत, या चार गोष्टी भिंतीपलीकडच्या माणसाला माहीत असणे आणि नसणे यांत मोठे अंतर आहे. माहिती नसलेला शेजारी मदतीला धावतो तेव्हा कित्येकदा तोच बळींच्या यादीत जातो.

भोपाळने शिकवलेले

कारखान्याच्या शेजाऱ्याला माहितीचा हक्क आहे, ही कल्पना भारतीय कायद्यात आली ती भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. लगतच्या वस्त्यांतील माणसे झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे धावली. पुष्कळजण वारा ज्या दिशेने वायू नेत होता त्याच दिशेने धावत राहिले आणि धावताना अधिक खोल श्वास घेत राहिले. नाकातोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा, इतके दोन साधे नियम आधी कोणी सांगितले असते, तर मृतांचा आकडा कमी झाला असता, यावर तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. वस्तीला मात्र कारखान्यात नेमके काय साठवले आहे हेही ठाऊक नव्हते.

या आघातानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन '४१-ब' हे कलम आले. घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याच्या भोगवटादाराने धोक्यांची आणि त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील जनतेला दिली पाहिजे, असे हे कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. हे बंधन त्या संहितेतही कायम आहे. त्याखेरीज घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीसंबंधीचे १९८९ चे नियम आहेत. त्यांतील १३ वा नियम कारखान्याच्या आतील आपत्कालीन आराखड्याचा आणि १४ वा कारखान्याबाहेरील आराखड्याचा. १५ वा नियम थेट शेजाऱ्यांसाठी आहे. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते अशांना धोक्याचे स्वरूप काय आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे भोगवटादाराने स्वतः किंवा जिल्हा यंत्रणेमार्फत कळवायचे आहे. शेजाऱ्याने विचारण्याची वाट पाहायची नाही.

१९९६ मध्ये रासायनिक अपघातांसंबंधी आणखी नियम आले. त्यांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट स्थापण्याची तरतूद केली. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांताधिकारी आणि सदस्य-सचिव कारखाने निरीक्षक. अग्निशमन दल, पोलीस, डॉक्टर, उद्योगांचे प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते हे सदस्य. या गटाने महिन्यातून एकदा बैठक घ्यावी, दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम करावी आणि धोक्याच्या छायेतील लोकसंख्येला शिक्षित करावे, असे नियम सांगतात. कागदावर ही रचना कोणत्याही प्रगत देशाच्या तोडीची आहे.

मेख आहे ती याच नियमांतील जनतेला माहिती देण्याच्या तरतुदीत. तेथे माहिती 'मागणी केल्यास' द्यायची आहे. आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर अमोनियाची टाकी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो नागरिक कोणाकडे आणि कशाची मागणी करणार? इटलीतील सेव्हेसो येथे १९७६ मध्ये डायॉक्सिनची गळती झाली आणि त्यातून १९८२ मध्ये युरोपचा या विषयावरील पहिला निर्देश आला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८८ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना त्यांनी न मागताच माहिती द्यावी, असे स्पष्ट शब्द त्यात आले. भोपाळ भारतात घडले. त्याचा धडा मात्र युरोपने अधिक नेमक्या शब्दांत लिहून ठेवला. भारतात १९८९ चा नियम एका बाजूला आणि १९९६ चा दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण राहिली. प्रशासनाला सोयीचा अर्थ कोणता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

उंबरठ्याखालचे धोके

दुसरी अडचण आकड्यांची आहे. १९८९ च्या नियमांतील ही बंधने रसायनाचा साठा विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक असेल तेव्हाच लागू होतात. क्लोरीनसाठी ही मर्यादा १० टन आहे, अमोनियासाठी ६० टन. मोठा रासायनिक उद्योग या कक्षेत येतो, आणि अशा उद्योगाकडे सामान्यतः सुरक्षा अधिकारी असतो, आराखडा असतो, वर्षाकाठी तालीमही होते. परंतु बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र किंवा शीतगृह यांत अमोनिया असतो तो बहुधा या मर्यादेच्या कितीतरी खाली. गळती झाली तर गल्लीतल्या माणसाच्या फुप्फुसाला ही मर्यादा कळत नाही.

सोलापूरच्या टॉवेल कारखान्याचे तर याहून विलक्षण आहे. रासायनिक अपघाताच्या नियमांच्या दृष्टीने तो धोकादायक नाहीच. मोठ्या अपघाताच्या शक्यतेच्या यादीत त्याचे नाव येण्याचे कारण नाही. तरीही आठ माणसे गेली ती तेथे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि घर यांच्यामध्ये एक भिंत किंवा एक जिनाच असतो. खाली खटखट, वर संसार, ही येथील पिढ्यान्पिढ्यांची रीत. ती गरिबीतून आली, कामाच्या सोयीतून आली, आणि तिला केवळ बेकायदा ठरवून प्रश्न सुटणार नाही. मूळ कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची किमान मर्यादा १० होती, नव्या संहितेत ती २० आहे. म्हणजे लहान माग कायद्याच्या कक्षेतून आणखी दूर गेले. उरतो तो महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र अग्निशमन दलाच्या फायलीत जाते. शेजारच्या घराला ते दिसत नाही. कारखान्याच्या दर्शनी भागावर ते लावण्याची सक्ती केली, तर कोणाचे प्रमाणपत्र केव्हा संपले हे वस्तीलाच दिसेल आणि निरीक्षकाचे अर्धे काम आपोआप होईल.

फटाक्यांच्या कारखान्यांचेही असेच. १ जानेवारी २०२३ रोजी बार्शी तालुक्यात पांगरीजवळ शिराळे येथील फटाका कारखान्यात स्फोट होऊन महिला कामगारांचा बळी गेला. स्फोटकांचा परवाना एका यंत्रणेकडे, कामगारांची सुरक्षा दुसरीकडे, गावाची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे. यांपैकी कोणी गावाला बसवून 'अमुक अंतराच्या आत चूल पेटवू नका, धूर दिसला तर पाहायला जाऊ नका' असे सांगायचे, हे एका जागी लिहिलेले नाही. आणि आपल्याकडे धूर दिसला की आधी गर्दी जमते.

पळायचे की थांबायचे?

माहिती आधीच का द्यावी लागते, याचे सर्वांत बळकट कारण असे की वेगवेगळ्या संकटांत योग्य कृती परस्परविरुद्ध असते. कारखान्याला आग लागली तर लगतच्या घरातून तत्काळ बाहेर पडायचे. विषारी वायूची गळती असेल आणि ढग दाराशी आला असेल, तर मात्र अनेकदा घरातच थांबून दारे-खिडक्या लावणे, फटींत ओली फडकी कोंबणे, पंखे आणि कूलर बंद करणे श्रेयस्कर. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो सखल भागात आणि तळघरात साचतो. त्यामुळे त्यापासून वाचण्यासाठी वरच्या मजल्यावर जावे लागते. अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, परंतु दाबाखालच्या टाकीतून एकदम सुटला की थंड पांढऱ्या ढगासारखा जमिनीलगत पसरतो. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून ओले फडके येथे खरोखर उपयोगी पडते. पेट्रोलची वाफ गटारीवाटे लांबवर सरकते. तेथे दिव्याचे बटण दाबणे किंवा मोटारसायकलला किक मारणे हीच ठिणगी ठरते. इथेनॉलची ज्योत भर उन्हात डोळ्यांना जेमतेम दिसते. इतकी सारी विद्या पहाटे साडेतीनला, धूर आणि आरडाओरड्यात, कोणाला सुचणार नाही. प्रत्येक वस्तीला सगळे शिकवण्याचीही गरज नाही. ज्या वस्तीच्या शेजारी जे आहे, तेवढेच तिला ठाऊक असले म्हणजे पुरे.

पाकणीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही सुमारे ५०८ किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी येथवर येते. जिल्ह्याचा आणि शेजारच्या भागाचा इंधनपुरवठा या डेपोंवर अवलंबून आहे. तेल कंपन्यांची अंतर्गत शिस्त कडक असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा येथे इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची गळती सुरू झाली. सुमारे सव्वा तास वाफेचा ढग पसरत राहिला आणि मग स्फोट झाला. अकरा जण दगावले, त्यांत डेपोबाहेरची माणसेही होती. टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. तो सव्वा तास शेजारच्या कारखान्यांना सावध करण्यासाठी पुरेसा होता. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन वायू सुटला तेव्हाही असेच झाले. भोंगा वाजवण्याची सोय आवारात ३६ ठिकाणी होती, पण तो वाजलाच नाही, असे उच्चाधिकार समितीच्या चौकशीत निष्पन्न झाले. बारा जण मेले. आणि तो वाजला असता तरी, त्याचा अर्थ वस्तीला आधी सांगितलेला नसता तर कितपत उपयोग झाला असता, हाही प्रश्न उरतोच.

भोंग्याचा अर्थ लोकांना शिकवता येत नाही असे मात्र नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. चढत-उतरत वाजणारा भोंगा म्हणजे धोका आणि सलग एका सुरात वाजणारा म्हणजे धोका टळला, हे दोन-तीन दिवसांत दूरचित्रवाणीमुळे घरोघरी पोहोचले. औद्योगिक आपत्तीसाठीही साधारण हाच संकेत वापरला जातो. सोलापूरची आग या तालमीनंतर अकराच दिवसांनी लागली. हवाई हल्ल्याची माहिती सर्वांना आणि शेजारच्या कारखान्याची कोणालाच नाही, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे.

चार भाषांचे शहर

सोलापुरात आणखी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी लागेल. माहितीपत्रक काढायचे म्हटले की सरकारी कार्यालय ते शासकीय मराठीत काढते आणि कंपनी इंग्रजीत. येथील पूर्व भागात घरची भाषा तेलुगू आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड आहे. अनेक मोहल्ल्यांत उर्दू, दखनी चालते. विडी वळणाऱ्या कित्येक स्त्रियांना यांपैकी कोणतीच लिपी सफाईने वाचता येत नाही, आणि रासायनिक वसाहतींत परप्रांतीय कामगार आहेत ते वेगळेच. 'वायुगळतीप्रसंगी विरुद्ध दिशेने स्थलांतर करावे' असा फलक लावून जबाबदारी संपत नाही. येथे चित्रे लागतील, बाण लागतील, शाळेतील मुलांकडून घरी पाठवलेले निरोप लागतील. निवडणुकीत प्रत्येक उमेदवार चारही भाषांत प्रचार करतो. तेव्हा हे शहराला जमत नाही असे कोणी म्हणू नये.

उद्योगांचा आक्षेप ठरलेला आहे. धोक्याची जाहीर वाच्यता केली तर लोक घाबरतील, कारखाना हलवा म्हणून मोर्चे येतील, व्यापारी गुपिते फुटतील. यातील गुपितांचा मुद्दा फारसा टिकत नाही. कोणत्या प्रक्रियेने काय बनते हे शेजाऱ्याला नकोच आहे. त्याला हवे आहे ते कोणता वायू सुटू शकतो आणि सुटला तर काय करायचे, एवढेच. मोर्चांच्या भीतीत मात्र तथ्य आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झाला, आणि दोन्ही वेळी कारखाने हलवण्याची मागणी जोराने पुढे आली. परंतु तेथील संताप माहिती दिल्यामुळे उसळला नव्हता. आधी काहीच न सांगता काचा फुटल्या, छते उडाली, माणसे गेली, म्हणून तो उसळला. कारखाना आधी होता, वस्ती नंतर आली, हा युक्तिवादही अनेकदा खराच असतो. मग त्या वस्तीला बांधकाम परवानगी देताना महापालिकेने शेजारी काय आहे हे घर घेणाऱ्याला लेखी का कळवू नये?

याची दुसरी बाजूही आहे. शेजाऱ्यांना शहाणे करून सोडले म्हणजे कारखान्याची जबाबदारी कमी होते, असा अर्थ काढला जाऊ नये. ओले फडके हे सुरक्षा झडपेला पर्याय नाही. माहिती मिळालेला शेजारी हा उलट कारखान्यावरचा एक जादा पहारेकरी असतो. वास आला, धूर आला, रात्री टँकर नको तेथे उभा दिसला, की १०१ किंवा ११२ ला पहिला फोन त्याचाच जातो.

सोलापूरने हे करायचे ठरवले तर नवा कायदा लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक आपत्ती गटाला आजच तो अधिकार आहे. कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने तयार ठेवायचा असतो. त्यातील गोपनीय भाग वगळून उरलेला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार स्वतःहून प्रसिद्ध करता येतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर जिल्ह्यातले लाखो लोक येतात. पाळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांशेजारी अग्निशमन दलाचा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा एक गाळा, त्यात भोंग्याच्या दोन्ही आवाजांची ध्वनिफीत आणि चार भाषांतली चित्रपत्रके, एवढे एका बैठकीत ठरू शकते.

आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी प्रत्येक धोकादायक कारखान्याने आपला भोंगा चाचणीसाठी वाजवावा. पहिल्या महिन्यात लोक दचकून बाहेर येतील आणि दूरध्वनी खणखणतील. वर्षभरात त्यांना तो ओळखू येऊ लागेल, अगदी गिरण्यांचे येत असत तसा. मग एखाद्या रात्री तो वेळ सोडून वाजला, तर पाकणीच्या किंवा चिंचोळीच्या घरात कोणीतरी उठून सर्वांत आधी वाऱ्याची दिशा पाहील.